अक्षरांच्या पोशाखाची लाज

मित्रांनो, मी एक जुना पोशाख आहे. पण मला खुंटीवर शोधू नका, कपाटातही शोधू नका. मी कापडाचा नाही, अक्षरांचा आहे. तुम्ही मला आजवर पाहिलं नसेल, तर मी ती देवाची कृपाच समजतो. कारण मी कुणाला दिसलो की मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

हसू नका हो! छत्रीला, सायकलीला, कंदिलाला आपली गोष्ट सांगताना किती अभिमान वाटतो! छत्री उघडली की लोक म्हणतात, वा, छान आहे. मी उघडा पडलो की लोक म्हणतात, "ई, हे काय सोंग आलंय?" आता तुम्हीच सांगा, अशानं कुणाची मान वर राहील?

माझा जन्म कसा झाला ते आधी सांगतो. संगणकातला फोटो, गाणं, असलं काहीही आतून नुसत्या आकड्यांचं असतं. आणि ईमेल नेणाऱ्या जुन्या वाटांना फक्त साधी इंग्रजी अक्षरं कळायची. दुसरं काही पाठवलं, की वाटेत कुठं फोटोचा कान तुटायचा, कुठं नाक गळून पडायचं. मग शहाण्या माणसांनी चौसष्ट खुणा निवडल्या. मोठी अक्षरं, छोटी अक्षरं, आकडे, एक अधिकचं चिन्ह आणि एक तिरकी रेघ. फोटोचे आकडे या खुणांच्या मापात बेतले, आणि मी शिवून तयार झालो. आतल्या आकड्यांचे तीन दाणे घेतले की मी बाहेर चार अक्षरं काढतो. शेवटी दाणे कमी पडले, तर बरोबरच्या चिन्हाचं ठिगळ लावतो. इंग्रजीत मला बेस-सिक्स्टीफोर म्हणतात. नाव ऐकून मी कुणी बडा साहेब असेन असं वाटतं. तसं काहीही नाही. माझ्या अंगात शिरलेला फोटो उलट फुगतो, आणि त्याबद्दलही मी आयुष्यभर बोलणी खाल्ली आहेत.

एक गोष्ट मात्र नीट ऐकून ठेवा. मी कुलूप नाही. मी काहीही लपवत नाही. निघताना माझ्या गळ्यात एक चिठ्ठी अडकवलेली असते. आत फोटो आहे, पोशाख अमुक रीतीचा आहे, पोहोचल्यावर उतरवा, असं तिच्यात लिहिलेलं असतं. पलीकडचा संगणक ती चिठ्ठी वाचतो, मला गुपचूप उतरवून बाजूला ठेवतो, आणि माणसाला थेट फोटो दाखवतो. सांगलीच्या बेदाणेवाल्यांनी आपला माल दाखवायला पाठवलेले फोटो मी नेले. पाटणच्या एका नातवाचं जावळ काढतानाचा फोटो मी दूरदेशी त्याच्या मामाकडे नेला. मामा म्हणाला, "वा रं गड्या, काय गुटगुटीत हाय!" मला कुणी वा म्हटलं नाही. मला तेच बरं वाटायचं. माझं काम दिसलं नाही म्हणजेच ते नीट झालं. माझं दर्शन झालं की समजावं, कुठंतरी माती खाल्ली.

आणि मग रेश्माचं प्रकरण झालं. माझी उरलीसुरली अब्रूही त्यात गेली.

रेश्मा ही लालासाहेब हवालदारांची मुलगी. साताऱ्याहून मेढ्याकडे जाताना लागणाऱ्या एका छोट्या गावात त्यांचं घर आहे. लालासाहेबांनी उभी नोकरी फौजेत, सिग्नलमध्ये केली. म्हणजे एका ठाण्यावरचा निरोप दुसऱ्या ठाण्यावर धाडायचा, आणि तिकडचा आलेला नीट उतरवून घ्यायचा. रेश्मा त्यांना आबा म्हणते, म्हणून मीही आबाच म्हणतो. आबा सुट्टीवर आले की बापलेक एक खेळ खेळायचे. तुम्हीही खेळला असाल. शब्दाचं पहिलं अक्षर उचलून शेवटी टाकायचं आणि त्याच्या जागी च बसवायचा. गूळ म्हणायचं असेल तर चूळग. रेश्माची आई शालूबाई चुलीपाशी बसलेली असायची, आणि तिच्यादेखत हे दोघे 'चूळग, चूळग' करत डब्यातला गूळ पळवायचे. शालूबाईंना सगळं कळायचं. त्या न कळल्याचं सोंग करायच्या.

हीच मुलगी मोठी झाली आणि जहाजाच्या इंजिनाचं शिकली. तिला बघायला पाहुणे आले होते. पोहे खाऊन झाले, चहा झाला, बोलणी रंगात आली. एवढ्यात रेश्मा सगळ्यांसमोर म्हणाली, "मला मालाच्या जहाजावर नोकरी लागलीय. मी जाणार हाय." पाहुण्यांनी कपबशा खाली ठेवल्या. आबांचा चेहरा काळवंडला. पाहुणे उंबरा ओलांडून गेले, आणि आबा लेकीला म्हणाले, "चारचौघांत माझी मान खाली घातलीस. जा तू. पर माघारी मला तोंड दावू नगंस."

ती गेली. जहाज कुठल्या बंदराला लागलं की ती आईला फोन करायची. आबांचं नाव निघालं की दोघी विषय बदलायच्या.

हे सगळं मला कसं कळलं? रेश्माच्याच बोलण्यातून. मी जहाजावरच होतो ना! भर समुद्रात मोबाईल चालत नाही. तिथून बाहेर जायची एकच वाट, उपग्रहाची. त्या जहाजावरची ती यंत्रणा इतकी जुनाट, की तिच्यातून फक्त साधी इंग्रजी अक्षरं जायची. मराठी अक्षरंसुद्धा नाही. मग फोटो न्यायला माझ्याशिवाय कोण असणार?

एके सकाळी रेश्मा इंजिनखोलीतून वर आली. अंगात नारिंगी डगला, गालाला काळं वंगण, आणि हातात खोक्याचा फाडलेला पुठ्ठा. पुठ्ठ्यावर तिनं रंगानं मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'चेऊय चाक?' तिच्याबरोबर काम करणारा सांगलीकडचा एक मुलगा फोटो काढत होता. त्याचं नाव अतिशय, आणि त्याचं बोलणंही अतिशय.

"अगं, पुठ्ठा जरा वर धर की. आणि हे काय लिवलंयस? चेऊय चाक? ही कुठली भाषा म्हणायची?"

"आमच्या घरची. येऊ का, असं इचारलंय."

"मग सरळ लिवायला काय झालं?"

"सरळ इचारायची लाज वाटती रं. आबांनी तोंड दावू नगंस म्हणून सांगितलंय. म्हणून आधी फोटोतनं दावते. त्यांनी 'ये' म्हणलं तर मुंबईला उतरणार. न्हाई म्हणलं, न्हाईतर काहीच न्हाई म्हणलं, तर पुढच्या फेरीचा कागद सही करून टाकणार. मग कवा माघारी येईन, काय सांगता येत न्हाई."

"मुंबई तर आली की गं जवळ! कॅप्टन इचारायलाय, कोण उतरणार म्हणून."

"म्हणून तर लौकर काढ म्हणते फोटो!"

फोटो निघाला. वाट अरुंद, म्हणून रेश्मानं तो बारीक केला आणि माझ्या हवाली केला. मी त्याला पायापासून डोक्यापर्यंत झाकलं. तिचं हसू, गालावरचं वंगण, पुठ्ठ्यावरचा प्रश्न, सगळं माझ्या आत गेलं. असं चांगलं काम बऱ्याच दिवसांनी मिळालं होतं. बापाला लेकीचं तोंड दाखवायचं! मी नुसता हरखून गेलो होतो.

आणि वाटेत जोडणी तुटली. पुन्हा जोडली. पुन्हा तुटली. त्या ओढाताणीत माझ्या गळ्यातली चिठ्ठी गळून पडली. मी मात्र धडधाकट पोहोचलो. एकही अक्षर इकडचं तिकडं झालं नव्हतं. पण मी कोण, आत काय आहे, मला उतरवायचं कसं, हे सांगणारं गळ्यात काही उरलं नव्हतं.

साताऱ्यात स्टँडच्या जवळ गुणमालाबाईंचं झेरॉक्सचं दुकान आहे. फॉर्म भरणं, प्रिंट काढणं, लॅमिनेशन, सगळं तिथं होतं. बाई मूळच्या सांगलीकडच्या, बोलायला मोकळ्याढाकळ्या. पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला आबा तिथं आले होते. त्यांचं ईमेलचं खातं रेश्मानंच जहाजावर जाण्याआधी काढून दिलेलं, आणि उघडायच्या गुणमालाबाई.

"काय ओ काका, तुमच्या रेश्माचा मेल आलाय!"

आबा खुर्चीत ताठ झाले. मग भिंतीकडे बघत म्हणाले, "उघडा."

बाईंनी उघडलं, आणि मी पडदाभर पसरलो. वरपासून खालपर्यंत नुसती अक्षरं. ना शब्द, ना वाक्य, ना कुठं श्वास घ्यायला जागा.

"अगं बाई! हा कसला कचरा आलाय ओ?"

मागे आधारची झेरॉक्स काढायला थांबलेला एक बाबा मान लांब करून बघायला लागला. त्यालाही हसू आलं. मित्रांनो, भर बाजारात अंगावरचं धोतर सुटावं तसं मला झालं. मी ओरडून सांगितलं असतं, अहो, आत पोर आहे, तिला बाहेर काढा! पण मला तोंड कुठं आहे? मी तर दुसऱ्याच्या तोंडावर पडलेला पडदा.

आबांनी चष्मा चढवला. जवळ आले. बराच वेळ बघत राहिले.

"कचरा न्हाई ह्यो," ते म्हणाले. "छापा."

"आवं काका, पानं वाया जातील. मी तिला उलट इचारते की, बाई काय धाडलंस म्हणून."

"इचारायचं न्हाई कुणी! छापा म्हनलं न्हवं?"

बाईंनी छापलं. आबांनी ती पानं सदऱ्याच्या आत, छातीशी धरली. जीपमध्ये शेजारच्यानं "काय कागद हायती वो?" असं विचारलं, तर आबांनी नुसतं "सरकारी" म्हणून सांगितलं.

घरी आल्यावर त्यांनी मला ओट्यावर मांडलं, पेन्सिलीला टोक केलं आणि कामाला लागले. मला वाटलं, चला, आता हा जाणता माणूस मला उतरवणार. पण काय सांगू! फौजेतले गुप्त संदेश पाच-पाच अक्षरांच्या गटात जातात म्हणे. आबांनी मलाही पाचापाचात तोडायला सुरुवात केली. मी चौकडीनं चालणारा. पाचात तोडलं तर माझ्यातून काय निघणार, कप्पाळ? तरी ते रेघा मारत होते, अक्षरं मोजत होते, आणि मधूनच स्वतःशी हसत होते.

"बापाचं गुण घेतलं पोरीनं. तोंड दावू नगंस म्हनलं, तर तेबी पाळलं. ना तोंड, ना नाव, ना गाव. नुसता संदेश. आन् तोबी कुणाच्या बाला न उकलंल असा!"

आणि त्यांनी ती पानं उचलून कपाळाला लावली.

मी कुणी गुपित नाही. कुणी मोठी सांकेतिक भाषा नाही. मी ओझं वाहणारा साधा पोशाख. कचरा म्हणाले तेव्हा वाटलेली लाज मी सोसली होती. पण आबांनी कपाळाला लावलं, तेव्हा मला जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं. ते ज्या पोरीच्या हुशारीला नमस्कार करत होते, ती तिथंच होती, माझ्याखाली, गालाला वंगण लावून हसत. आणि मी तिच्या तोंडावरून बाजूला होऊ शकत नव्हतो.

मग आबांची पेन्सिल एका ओळीवर थांबली.

त्या ओळीत माझं 'ए' हे अक्षर लागोपाठ आलं होतं. ए ए ए ए, अशी लांबलचक रांग. खरं सांगतो, तिथं काहीही नव्हतं. फोटोत अशी काही रिकामी घरं असतातच, आणि रिकाम्या घराला मी ए लावतो. रीतच आहे माझी. पण आबा ती ओळ परत परत वाचायला लागले. रेश्मा लहान असताना त्यांनी तिला बिनतारीवरची अक्षरं शिकवली होती. ए म्हणजे अल्फा, बी म्हणजे ब्राव्हो. पोरगी ऐकायची नाही. "अल्फा न्हाई! ए म्हंजी आबा!" म्हणून पाय आपटायची.

"आबा, आबा, आबा, आबा," ओळीवर बोट ठेवून ते पुटपुटले. "हाक मारतीया. पोरगी कशात तरी घावलीया."

शालूबाई घेवड्याच्या शेंगा सोलत आतून बाहेर आल्या. "काय लिवलंय रेशमीनं?"

आबांनी पानं उलटी केली. "खुशाल हाय ती."

"मग तुमचं तोंड असं का झालंय?"

"खुशाल हाय म्हनलं न्हवं!"

पानं लोखंडी ट्रंकेत गेली. वर कुलूप लागलं. माझ्यावर कुलूप! मी कधी कुणापासून काही लपवलं नाही, त्या मला ट्रंकेत कोंडलं. त्यानंतर आबा सारखे ट्रंक उघडायचे, मला बाहेर काढायचे, पाचात तोडायचे, खोडायचे, परत कोंडायचे. जेवणावरची वासना उडाली. टीव्हीवर बातम्या लागल्या, की जहाजाचं नाव येतंय का म्हणून कान टवकारून बसायचे. शालूबाईंनी विचारलं की 'खुशाल हाय' एवढंच. आणि तिकडं जहाज मुंबईच्या दिशेनं येत होतं. कॅप्टनला उत्तर द्यायचं होतं. ती पोरगी रोज मेल बघत असणार, आणि रोज तिथं काहीच नसणार. न्हाई म्हणलं, न्हाईतर काहीच न्हाई म्हणलं, तर... तिचे हे शब्द मला आठवायचे आणि जीव नुसता गुदमरायचा. मित्रांनो, असा लाजिरवाणा मी जन्मात कधी झालो नव्हतो. बापाच्या हातात लेकीचा प्रश्न होता, आणि मी त्या दोघांच्या मध्ये.

शेवटी शालूबाईंनीच विषय काढला. सकाळची वेळ. आबा परत पानं मांडून बसलेले. शालूबाईंनी शेंगांचं सूप बाजूला सारलं आणि समोर येऊन बसल्या.

"तुमाला न्हाई वाचता आलं त्ये."

"कोन म्हनतं?"

"मी म्हनते. वाचता आलं असतं तर चार घास पोटात गेलं असतं. आवं, न्हाई समजलं तर न्हाई समजलं म्हना की!"

"सिग्नलवाल्यानं म्हनायचं, न्हाई समजलं? ती काय म्हनंल? बाप म्हातारा झाला, डोकं गेलं."

"व्हय का? आन् सुट्टीवर याचा तवा माझ्याफुडं काय टेंबा मिरवायचा? नव्या पोरांना पैलं काय शिकवता, असं मी इचारलं हुतं. तुमी काय म्हनला हुता?"

आबा पेन्सिलीला टोक करायला लागले.

"सांगा की!"

"से अगेन," आबा हळूच म्हणाले.

"म्हंजी?"

"म्हंजी, परत सांग. निरोप न्हाई समजला तर लाजायचं न्हाई, अंदाजानं काय बी लिवायचं न्हाई. सरळ म्हनायचं, से अगेन. अंदाजानं लिवलं की मानसं मरत्यात."

"मग? सगळ्या फौजेला शिकवलं, आन् पोटच्या पोरीला परत सांग म्हनायला तुमची जीभ झडतीया व्हय?"

आबांनी माझी पानं गोळा केली. मग पेन्सिल खाली ठेवली.

"त्या दिवशीबी म्हनायला पायजे हुतं गं," ते म्हणाले. त्यांचा आवाज फुटला. "पावनं बसल्यालं, आन् ती म्हनली मी जानार. का जानार, कुठं जानार, काय बी इचारलं न्हाई. तोंड दावू नगंस म्हनलो. मलाच तोंड दावाया जागा न्हाई आता."

शालूबाईंनी डोळे पुसले आणि उठल्या. "ते रडनं मागनं रडा. आदी गाडी धरा."

गुणमालाबाई दुकानाचं शटर वर करत होत्या, तर आबा पायरीवर हजर.

"लिवा. से अगेन. ओव्हर."

"एवढंच? खुशाली-बिशाली काय?"

"एवढंच. तिला समजंल."

बाईंनी इंग्रजी अक्षरांत तेवढंच लिहून धाडलं. आबा दुकानाच्या बाकावर बसले ते बसलेच. माणसं येत होती, झेरॉक्स काढून जात होती. दुपारी बाईंनी आपल्या डब्यातली भाकरी पुढं केली, तर हातानंच नको म्हणाले. तिकडं कॅप्टनला उत्तर द्यायचंय, नाहीतर पुढच्या फेरीच्या कागदावर सही व्हायचीय, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. मला ठाऊक होतं. मी त्यांच्या सदऱ्याच्या खिशात घडी होऊन बसलो होतो, आणि त्यांच्या छातीची धडधड मला ऐकू येत होती.

उन्हं कलली आणि बाई एकदम म्हणाल्या, "काका, आला बघा!"

आबा उठून उभे राहिले.

बाईंनी मेल उघडला आणि कपाळावर हात मारला. "काय बाई ही पोरगी! परत तसलाच कचरा धाडलाय. ह्या वक्ताला थोडाच हाय, इंग्रजी अक्षरांत दोनच शब्द. पर काय अर्थ लागत न्हाई ओ. चे... उय... चाक?"

आबा हसायला लागले. हसता हसता त्यांनी चष्मा काढला, आणि मग ते हसत होते की रडत होते, तेच बाईंना कळेना.

"काका, काय झालं? पाणी देऊ का?"

"कचरा न्हाई ओ बाई. येऊ का म्हनतीया. येऊ का, असं इचारतीया पोरगी!"

मी खिशात होतो. मला आधी आनंद झाला, आणि मग जी लाज वाटली ती विचारू नका. हेच दोन शब्द घेऊन मी कधीचा आलो होतो. सगळ्या घराची झोप उडवली, आणि ते मला सांगता आले नाहीत. त्या दोन शब्दांनीही सोंग घेतलं होतं, पण ते सोंग उतरवणारा माणूस समोर उभा होता.

"मग काय धाडू उत्तर?" बाईंनी विचारलं.

"लिवा, चेय."

"चेय?"

"चेय. तिला समजंल."

मित्रांनो, माझं मागणं फार नाही. आजकाल मला उतरवणं एका टिचकीचं काम आहे. कुठं चुकून माझी अशी उघडी अक्षरं दिसली, तर कचरा म्हणून पुसून टाकू नका, आणि कपाळालाही लावू नका. ज्यानं धाडलं त्याला विचारा, काय पाठवलंस रे, परत सांग. आपल्याला समजलं नाही एवढं म्हणायला जीभ झडत नाही. आबांनी ते म्हटलं, आणि त्यांची काही मान खाली गेली नाही. हे मी, लाजेचं ज्याला सगळं ठाऊक आहे असा एक पोशाख, तुम्हाला सांगतो.

शालूबाईंनी नंतर मला मांडणीच्या फळीवर अंथरलं आणि वर डबे मांडले. तिथूनच मी सगळं पाहिलं. ओट्यापाशी जीप थांबली. रेश्मा उतरली. पाठीवर पिशवी, आणि मान खाली. घरात येऊ का नको, अशी ती उंबऱ्याच्या बाहेर घुटमळली.

आबा दारात उभे होते. त्यांचंही तिच्याकडे बघायचं धाडस होईना. दोघे आपले पायाकडे बघतायत. मग आबांनीच घसा खाकरला.

"आत मागनं ये," ते म्हणाले. "आदी हितं उजेडात हुबी ऱ्हा. तोंड दाव बगू."

तिनं मान वर केली. गालाला तेवढं वंगण नव्हतं, बाकी तसंच होतं, माझ्या आत होतं तसं. आबा बघत राहिले. शालूबाई आतून म्हणाल्या, "आता बास की! लेकराला बसू द्या," तरी ते बघतच राहिले. माझी काही गरज नव्हती. मी गुळाच्या डब्याखाली गप पडून राहिलो.